बुढीच्या पात्रातली विहीर

बोरखारी, २ फेब्रुवारी १९३८, बुधवार

आज डेप्युटी इन्स्पेक्टरसाहेबांचं पत्र आलं. एका पानाचं पत्र आणि त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका. मजकूर असा की, एप्रिलअखेरच्या तपासणीत मुलींच्या शाळेची हजेरी तीसच्या खाली आढळल्यास शाळा मुलांच्या शाळेत विलीन करण्यात येईल. विलीन! मुलांच्या शाळेत मुलगी पाठवील असा एक बाप या गावात साहेबांनी मला दाखवावा. सरळ 'बंद' लिहायला यांची लेखणी का कचरते?

हजेरी का पडते हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. गेल्या वर्षी मी त्यांना शाळेच्या माठातलं पाणी दिलं होतं. एक घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि गाडीतली सुरई मागवली. हा खारपाणाचा मुलूख. पूर्णेच्या दोन्ही अंगांना कोसन्‌कोस काळी जमीन, वर कापूस उत्तम येतो, आणि खाली खोदलं की खारट पाणी. गोडं पाणी मिळतं ते नदीच्या रेतीत, इथून दीड कोसावर. ते डोक्यावर आणतात मुली. थंडीत एक खेप, उन्हाळ्यात तीन. तिसरी खेप घरी पोचते तेव्हा माझा शेवटचा तास संपलेला असतो. पटावर एकेचाळीस नावं आहेत. आज हजर सव्वीस.

अमरावतीला एकवीस वर्षं शिकवलं. तिथं मुली लग्न ठरलं म्हणून शाळा सोडत. त्याचाही संताप यायचा, पण लग्न निदान एकदाच होतं. पाणी रोज आणावं लागतं.

शाळेच्या आवारात विहीर खोदायला मंजुरी दोन वर्षांपासून पडून आहे. 'जागा मुख्याध्यापिकेने सुचवावी.' मी सुचवली नाही, कारण खारट पाण्याची आणखी एक विहीर घेऊन करायचं काय?

५ फेब्रुवारी, शनिवार

किसनराव पाटील शाळेत येऊन गेले. गावात सर्वांत जास्त जमीन यांची, आणि शाळेच्या समितीतही हेच. पत्राची बातमी माझ्याआधी त्यांना होती. म्हणाले, "बाई, इहीर खोदाचीच असन तं आमच्या वावरात खोदा. तुमच्या पोट्ट्या पानी भरतीन, माहे बैलही पितीन."

मी म्हटलं, "आणि पाणी खारट लागलं तर?"

"तं बैल एकटेच पितीन."

बरोबरची दोन माणसं हसली. किसनराव स्वतः हसत नाहीत, हे त्यांचं आणखी एक असह्य लक्षण. मी त्यांना दार दाखवलं.

संध्याकाळी अमरावतीच्या वाचनालयाचं पार्सल आलं. इंग्रजी मासिकात सहाराच्या वाळवंटावर लेख आहे. वाळूखाली जुन्या नद्यांची पात्रं सापडली आहेत. कधीकाळी तिथं पाऊस पडे, पाणघोडे डुंबत, आणि माणसांनी त्यांची चित्रं खडकांवर कोरून ठेवली आहेत. मग हवामान पालटलं, पाऊस गेला, नद्या आटल्या, पात्रं वाळूनं भरली. तरी उंटांचे तांडे आजही ज्या विहिरींवर थांबतात त्यांतल्या कितीतरी त्या मेलेल्या नद्यांच्या वाटेवर आहेत. लेखकानं नकाशा झकास काढला आहे. त्या विहिरींचं पाणी कोण काढतं आणि कोण वाहतं, याबद्दल मात्र सतरा पानांत एक ओळ नाही.

७ फेब्रुवारी, सोमवार

वरच्या वर्गाला सहारा शिकवला. फळ्यावर नदी काढली आणि पुसली. पाणघोडा काय ते समजावण्यात बराच वेळ गेला. 'म्हशीसारखा, पण शिंगं नाहीत' यावर तडजोड झाली. शालूनं विचारलं, "मंग बाई, थे पानी गेलं कुठं?"

शालू बारा वर्षांची. शाळेच्या कुंपणाला लागून गंगूबाई माळणीची भाजीची वाडी आहे, तिची ही नात. माझ्या तीन वर्षांतली सर्वांत हुशार मुलगी. मी सांगितलं, "खाली गेलं. वाळूतून झिरपत खोल गेलं. म्हणून खोल खोदलं की मिळतं."

"किती खोल?"

"पुरेसं खोल," मी म्हटलं.

९ फेब्रुवारी, बुधवार

मला स्वतःला छडी मारावीशी वाटते. तीन वर्षं मी रोज त्या कुंपणापाशी उभी राहते आणि मला दिसलं नाही.

सगळ्या शिवारात जमिनीवर मिठाची पांढरी खारी फुटलेली असताना गंगूबाईच्या वाडीत वांगी, मिरची, कोथिंबीर, कांदे कसे पिकतात? आज वाडीत गेले आणि वाकून पाहिलं. तिथली माती काळी नाही, रेताड आहे, आणि तिच्यात गोल गुळगुळीत गोटे आहेत. गोटा गोल होतो तो वाहत्या पाण्यात. हीच रेताड पट्टी कुंपणाखालून शाळेच्या आवारात शिरते आणि पलीकडे खारट, कठीण चोपणात नाहीशी होते. पट्टीवर बोरी आणि निंब ओळीनं उभे आहेत.

गंगूबाईला विचारलं. ती वांगी तोडत होती. साठीची बाई, हात काळेभोर, बोलताना काम थांबवत नाही.

"थे बुढी हाये," ती म्हणाली.

"कोण बुढी?"

"बुढी नदी. पयले नदी इथून जात होती म्हन्तेत. मंग तिनं घर बदललं. आमी हिले बुढी म्हन्तो अन् तिकडचीले पूर्णा."

म्हणजे यांना ठाऊक होतं. पण तीन वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं हेही खरं.

वाडी शाळेच्या आवाराहून दहा-बारा हात खाली, खोलगटात आहे. तिच्यात दोन झिरे आहेत, एक कुंपणालगत, एक लांबच्या टोकाला. झिरा म्हणजे रेतीत केलेला कमरेएवढा खड्डा, तळाशी हातभर पाणी. मी चाखलं. गोडं. त्यावर यांचा विधी असा : पाणी लोटीनंच घ्यायचं. बादली बुडवायची नाही, मोट तर नाहीच. सकाळी घेतलं की दुपारभर झिरा झाकून ठेवायचा. त्याहून खोल कुदळ घालायची नाही.

"काहून म्हणजे? बुढी हाये. बुढीले जास्त तानू नाही," गंगूबाई म्हणाली. "आमच्या सासूनं सांगतलं. तिले तिच्या सासूनं."

अंधश्रद्धेचा मला तिटकारा आहे. पायाखाली अख्खी नदी पुरलेली आहे आणि ही माणसं लोटीनं पाणी पितात, कारण सासूनं सांगितलं.

१० फेब्रुवारी, गुरुवार

जागेचं पत्र टाकलं. शाळेच्या आवारात, पूर्वेच्या निंबाजवळ, पट्टीच्या मधोमध. 'प्राचीन नदीपात्र' असे शब्द मुद्दाम वापरले.

४ मार्च, शुक्रवार

तीन आठवडे उत्तर नाही. दोन स्मरणपत्रं, मग एक स्वारी. मूर्तिजापूरपर्यंत बैलांच्या दमणीनं, पुढं अकोल्याला रेल्वेनं. कचेरीत दीड तास बाकावर बसवलं. कारकुनानं विचारलं, "बाई, नदीपात्रात विहीर म्हणता, पण नकाशात नदी नाही." मी म्हटलं, "नकाशा साठ वर्षांचा आहे, नदी त्याहून जुनी आहे." त्यानं चष्मा पुसला आणि शिक्का मारला. माणसाला खरं पटून शिक्का मिळतो की कटकट टळावी म्हणून, याचा विचार करत परतले.

११ मार्च, शुक्रवार

खोदाई सुरू. नत्थुजी म्हणून विहिरी खोदणारा आहे, त्याची चार माणसं. नत्थुजी बोलत कमी आणि माती चाखत जास्त. दर हातभराला चिमूट जिभेवर ठेवतो आणि थुंकतो. मुलींना हा प्रकार फार आवडला. दोघींना माती खाताना मी पकडलं.

किसनराव येऊन पाहून गेले. "बाई, नदी निंगाली का?" मी नत्थुजीला पुढं खोदायला सांगितलं.

१८ मार्च, शुक्रवार

पाणी लागलं. चौदा हातांवर, स्वच्छ रेतीत, आणि गोडं. मी स्वतः तीन ओंजळी प्याले. या गावच्या हद्दीत नदीशिवाय गोडं पाणी, आणि तेही मुलींच्या शाळेत! सुट्टी दिली नाही. उलट एक तास जास्त घेतला आणि नदीपात्राचा धडा पुन्हा शिकवला.

नत्थुजी वर येऊन म्हणाला, "बाई, बस झालं. इथंच बांधून घ्या."

पाणी गुडघाभर. एकेचाळीस मुलींना, त्यांच्या घरांना ते काय पुरणार? एप्रिल पुढंच आहे. मी म्हटलं, "हे वरचं पाणी म्हणजे वानगी. खरी नदी खाली आहे. आणखी दहा हात चला."

"खालती पिवळी चिकनमाती लागन."

"मग ती फोडा. त्यासाठीच कुदळ असते."

गंगूबाई कुंपणापलीकडून ऐकत होती. ती कधी नव्हे ते काम टाकून आली. "बाई, वरचंच घ्या. थोडं थोडं घ्या. पुरते थे."

मी तिला शांतपणे समजावलं की सहारात विहिरी शंभर शंभर हात खोल आहेत, आणि हे शास्त्र आहे, सासूची गोष्ट नाही. "तुमची इहीर हाये, बाई. पन बुढी आमा दोघींची हाये," म्हणाली आणि गेली. शिकलेल्या बाईचं न ऐकण्यात यांना एक प्रकारचा मान वाटतो.

२२ मार्च, मंगळवार

वीस हातांवर चिकणमाती लागली, पिवळी, साबणासारखी. नत्थुजीनं ती चाखलीही नाही. काम थांबवून खाली बसला. मी विचारलं तर म्हणतो, "माह्या बापानं ही माती कदी फोडली नाही." बाप, सासू, आजा! या देशात मेलेल्यांचं जेवढं चालतं तेवढं जिवंतांचं चाललं असतं तर! मी कडक शब्दांत सांगितलं की तो फोडणार नसेल तर अकोल्याहून दुसरा माणूस आणते. संध्याकाळी त्यानं फोडली. पाणी भसकन वर आलं, माणसं भिजून वर पळाली. दिवे लागेपर्यंत पुरुषभर चढलं होतं.

मी बरोबर होते. हे लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

२४ मार्च, गुरुवार

पाणी खारट आहे.

काल सकाळी किंचित मचूळ लागलं. वाटलं गाळ असेल. आज तोंडात धरवत नाही. किसनरावांच्या विहिरीहून खारट. परवाची गोडी दोन दिवसांत गेली कुठं?

मुलींनी डोक्यावरचे पितळी गुंड भरून घरी नेले होते. सहा घरांत वरण नासलं.

२६ मार्च, शनिवार

विचार करून एकच उत्तर निघतं. विहिरीत मीठ टाकलं गेलं आहे. शाळेच्या आवाराला फाटक नाही. विहीर आपल्या वावरात व्हावी ही कुणाची इच्छा होती, 'नदी निंगाली का' असं छद्मीपणानं कोण विचारत होतं, हे सर्वांना माहीत आहे. आज चावडीवर, दहा माणसांदेखत, मी किसनरावांना सरळ विचारलं.

त्यांनी पागोटं नीट केलं. म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. बसा." मी बसले नाही. माझा मुद्दा मी उभ्यानंच मांडला आणि परत आले. मागं कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

अकोल्याला तक्रारअर्ज टाकला. चार पानं.

६ एप्रिल, बुधवार

आज हजर एकोणीस. शाळेचं फाटक बसवून घेतलं. रोज सकाळी पाणी चाखते. खारटच. फाटकातून कुणी आलेलं नाही, तरी खारटच.

शालू पाच दिवस गैरहजर. हेच बाकी होतं. माळ्याच्या घरी वांग्याच्या हंगामात मुलीचं शिक्षण म्हणजे काय? गंगूबाईला चिठ्ठी पाठवली की नातीला अशिक्षित ठेवण्याचं पाप आजीच्या माथी असेल. चिठ्ठी वाचून दाखवायला घरात शालूच आहे, हे नंतर लक्षात आलं.

९ एप्रिल, शनिवार

चिठ्ठीचं उत्तर आलं नाही म्हणून सकाळी वाडीत गेले, बोलायची पूर्ण तयारी करून.

कुंपणाकडची सगळी वांगी वाळली आहेत. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, देठाशी फळं सुरकुतलेली. बुंध्याभोवती जमिनीवर पांढरी खारी. शालू शेवटच्या ओळीत होती. डोक्यावरून गुंड उतरवून एकेका झाडाला ओंजळीनं पाणी घालत होती. पूर्णेवरून आणलेलं पाणी. दीड कोस. आठ दिवस, दिवसाला चार खेपा.

"आजी म्हन्ते राहू दे," ती म्हणाली. "पन बाई, ह्या ओळीतली जगन असं वाटते."

मी कुंपणाकडचा झिरा चाखला. खारट. तिथं कुणी मीठ टाकायला गेलेलं नाही.

गंगूबाई लांबच्या झिऱ्यापाशी बसून झाकण विणत होती. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर देऊ शकले असते. या बाईला भांडता कसं येत नाही?

१० एप्रिल, रविवार

काल गावात कुणीतरी जुन्या मिठाच्या विहिरींचं बोललं, म्हणून आज किसनरावांच्या घरी गेले. ओसरीवर ते सुपारी कातरत होते. माझ्या तोंडून आधी निघालं ते, "तुमच्या आजोबांच्या काळी इथं मीठ निघायचं हे खरं का?"

"अखिन काय," ते म्हणाले. "वावरात खोल इहिरी होत्या. पानी काढाचं, वाफ्यात पसरवाचं, उन्हानं मीठ हाती. सरकारनं बंद केलं. आज्यानं या जमिनीतून मीठ काढलं, बाई. अन् मी थे बजारातून इकत आनून तुमच्या इहिरीत टाकीन?" सुपारीचं खांड माझ्यापुढं केलं. "घ्या. अर्ज तलाठ्यानं वाचून दाखवला मले. अक्षर चांगलं हाये."

मी सुपारी घेतली. विचारलं, त्या विहिरी किती खोल होत्या.

"चिकनमाती फोडून खालती."

म्हणजे हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मी बैलाची गोठ सांगतली होती. तुमी मले दार दाखवलं."

रात्री झोपण्यापूर्वी कागदावर मांडून पाहिलं. नदी होती हे खरं. पण तिचं पाणी केव्हाच गेलं. हवामान कोरडं पडत गेलं तेव्हा ती आटली, आटताना मीठ मागं ठेवून गेली, आणि वर चिकणमातीचं झाकण बसलं. रेतीतलं गोडं पाणी त्या नदीचं नाहीच. ते गेल्या पावसाळ्याचं आहे. जुन्या पात्राच्या रेतीत ते पातळ थरासारखं बसतं, दुधावरच्या सायीसारखं. साय लोटीनं काढतात. ही गोष्ट या माळणींनी सासूकडून सुनेकडं सोपवली, आणि मी, अमरावतीची एकवीस वर्षं आणि पुण्याची पदवी घेऊन, तिच्यात कुदळ घातली. शालूनं विचारलं होतं, किती खोल. मी म्हटलं होतं, पुरेसं.

११ एप्रिल, सोमवार

अकोल्याला दुसरं पत्र : पहिला अर्ज मागं घेते, आरोप निराधार होता, क्षमा मागते. तीन ओळी. चावडीवर जाऊन तेच दहा माणसांना वाचून दाखवलं. वाईट वाटून कुणीतरी मला पाणी आणून दिलं. खारट.

नत्थुजीला विचारलं, चिकणमातीतलं भोक बुजेल का. तो पहिल्यांदाच माझ्याशी लांबलचक बोलला. तीच पिवळी चिकणमाती आणायची, ओली करून थर देऊन पायानं तुडवायची, चौदा हातांपर्यंत भरून यायचं. मग बुढीला सोडून द्यायचं. "दोन पावसाळे तं लागतीनच. बसली तं बसली."

माती किसनरावांच्या वावरातल्या जुन्या विहिरींपाशी पडली आहे. दुपारी त्यांच्या चार गाड्या आल्या. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "बैलायले काम पाह्यजे होतं."

१६ एप्रिल, शनिवार

भोक बुजवून झालं. विहीर आता चौदा हातांचा कोरडा खड्डा आहे. हजर सतरा. तपासणी अठ्ठावीस तारखेला. राजीनाम्याचा मसुदा केला. शाळा माझ्या चुकीनं बंद पडणार असेल तर निदान ते माझ्याच अक्षरात असावं.

१८ एप्रिल, सोमवार

सकाळी गंगूबाई शाळेत आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी दोनदा सांगितलं तेव्हा आत आली, पण खुर्चीवर बसली नाही.

"वाडी अर्धी गेली, बाई," ती म्हणाली. "उरल्या अर्धीले पानी देत बसले तं तिकडचा झिराही बिघडन. तवा यंदा वाडी बंद. मिरच्या उपटून टाकतो. पन झिरा रोज तीस-चाळीस गुंड देते, लोटीनं घेतलं तं. थे पानी आता कोनाले घालू?"

मला कळेना ती काय म्हणते आहे.

"पोट्ट्यायले द्या. एकीले एक गुंड. पन जे पोट्टी घंटीपासून घंटीपर्यंत शाळेत बसन, तिलेच. बाकीच्यायनं जावा नदीवर."

मी म्हटलं, "गंगूबाई, तुमचं पीक मी घालवलं. तुम्ही हे का करता?"

"तुमच्यासाठी नाही करून राहिलो," ती म्हणाली. "शालू चार वर्गं शिकली. पाचवा कुठं शिकन?"

मी नुकसान भरून देण्याचं बोलू लागले, तर ती उठून उभी राहिली. "थे दिवाळीले बोलू. आता घंटी वाजवा."

२० एप्रिल, बुधवार

हजर चौतीस.

२२ एप्रिल, शुक्रवार

हजर एकोणचाळीस. ज्या बायका मला 'पोरीले शिकवून काय चुलीत घालाचं' म्हणत, त्याच आज मुलींना हाताला धरून घंटेआधी आणून सोडतात. एकीनं आजारी मुलगी आणली. मी तिला गुंड देऊन परत पाठवलं, तर गंगूबाई माझ्यावरच उखडली की नियम म्हणजे नियम. तीन वर्षं मी स्त्रीशिक्षणावर व्याख्यानं दिली. पहिल्या वर्षी हळदीकुंकवालाही दिलं. एकोणचाळीस मुली बाकावर बसवल्या त्या शेवटी गुंडभर पाण्यानं. याचा राग कुणावर काढावा ते अजून ठरत नाही.

शाळा सुटली की मुली ओळीनं झिऱ्यापाशी बसतात. शालू लोटी घेऊन वर बसते. एकेकीच्या गुंडात पंचवीस लोट्या. त्या मोजताना त्यांचे पाढे पक्के होत आहेत. वाडीची उरलेली अर्धी बाजू उघडीबोडकी पडली आहे. तिकडं मी पाहत नाही, असं लिहिणार होते. पण पाहते.

२८ एप्रिल, गुरुवार

तपासणी झाली. साहेब दहाला आले, सुरई घेऊन. हजर चाळीस, एकेचाळिसावीला कांजिण्या. त्यांनी दोनदा मोजलं. वर्गाला प्रश्न विचारले. शालूला सहाराबद्दल विचारलं, तिनं पाणघोडा सांगितला, आणि न विचारता म्हणाली, "पन साहेब, तिथलं पानी आता नदीचं आहे का पावसाचं, थे पुस्तकात नाही." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी फळ्याकडं पाहिलं.

मग त्यांनी शेरेपुस्तक घेतलं आणि लिहिलं : 'मुख्याध्यापिकेच्या दूरदृष्टीने व परिश्रमाने शाळेत गोड्या पाण्याची सोय झाली असून हजेरी समाधानकारक आहे. शाळा चालू ठेवण्यास हरकत नाही.'

मी वाचून म्हटलं, "पहिलं वाक्य खोटं आहे."

"बाई, शेरा तुमच्या बाजूचा आहे."

"बाजूचा आहे, पण खोटा आहे."

ते चिडले. शेरा एकदा लिहिला की खोडता येत नाही, म्हणाले. फार तर खाली मुख्याध्यापिकेचा खुलासा लिहिता येईल. मग लिहिते, असं म्हणून मी लेखणी घेतली. ते उभे राहून वाचत होते, त्यामुळे अक्षर नेहमीसारखं आलं नाही. लिहिलं ते असं :

'शाळेची विहीर मुख्याध्यापिकेने जाणत्या माणसांनी थांबवले असता खोल नेली व खारट केली. त्यात शेजारच्या वाडीचे उभे पीक गेले. सध्याचे पाणी त्याच वाडीच्या मालकीण गंगूबाई देत आहेत व त्यासाठी त्यांनी उरलेली वाडी बंद ठेवली आहे.' खाली सही आणि तारीख.

साहेबांनी पुस्तक मिटलं. जाताना त्यांनी सुरई गाडीत ठेवली आणि झिऱ्यापाशी जाऊन शालूकडून पाणी मागितलं. तिनं त्यांना विचारलं की ते घंटेपासून बसले होते का. बसले नव्हते. तिनं दिलं नाही. मला तिला दटावायला हवं होतं.

दुपारी शेरेपुस्तक घेऊन वाडीत गेले आणि गंगूबाईला सगळं वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं, आणि तिचं नाव कुठं आहे त्यावर बोट ठेवायला सांगितलं. ठेवलं.

"आता झिरा आटला," ती म्हणाली, "तं साहेब मलेच पकडन."

"आधी मला पकडतील," मी म्हटलं. "माझं नाव वरच्या ओळीत आहे."

ती हसली. मग तिनं मला बाजूला सरकायला सांगितलं, कारण मी रांगेच्या मध्ये उभी होते.